ओढा आणि होडा

वालीवच्या कारखान्यात प्रेस मशीनवर काम करणाऱ्या माणसाच्या बायकोकडे भरदुपारी कुणी धापा टाकत येऊ नये. आलंच तर आधी पाणी प्यावं, दम खावा आणि मग बोलावं. आमच्या घरमालकिणीनं यातलं काहीही केलं नाही.

भुईगावात राहायला येऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. ओटीवर सूप घेऊन मी तांदूळ निवडत बसले होते. घरमालकिणीला मी मावशी म्हणायचे. ती केळीच्या वाडीतून पळत आली. तांबडं लुगडं गुडघ्यापर्यंत वर खोचलेलं, पाय चिखलानं भरलेले, आणि चेहरा असा की काहीतरी झालंय हे आंधळ्यालाही कळावं. खांबाला धरून ती म्हणाली,

"हात हाय गो. एक पायजे!"

माझ्या हातातलं सूप खाली पडलं. हात आहे. एक पाय… पुढचं वाक्य मी मनातल्या मनात पूर्ण केलं. त्या मेल्या मशीननं शेवटी डाव साधला होता. सकाळीच चपला घालून सायकलवर बसलेला नवरा मला दिसायला लागला, दोन्ही पायांनी पायडल मारणारा.

"कुठला पाय?" मी विचारलं.

"कुठला काय? तूस पायजे!" मावशी म्हणाली. "आनि रडते काय अशी? फकत खेसायचं हाय!"

खेसायचं म्हणजे खेचायचं, एवढं तोवर मला कळत होतं. नेमकं तेवढंच कळत होतं. पाय, आणि तो फक्त खेचायचा! मी बसल्या जागी असा हंबरडा फोडला की पलीकडच्या आळीतली माणसं गोळा झाली. मावशीचे यजमान कोयता घेऊन वाडीतून धावत आले. काकांनी बरीच वर्षं मुंबईत छापखान्यात नोकरी केलेली होती, त्यामुळे त्यांना छापील मराठी यायचं. त्यांनी बायकोचं ऐकून घेतलं, माझं ऐकून घेतलं, कोयता खांबाला टेकवून ठेवला आणि अगदी शांतपणे सांगितलं, "सात बायका आहेत. आठवी पाहिजे. रस्सीखेचला."

एवढं बोलून त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते.

त्या घरात आणि आसपासच्या जुन्या घरांत, मग भिंतीवर क्रूस असो की कोपऱ्यात देव्हारा, घरोघरची बोली थोडी थोडी वेगळी होती. पण आमच्या मावशीकडे 'च'चा 'स' व्हायचा आणि 'स'चा 'ह'. चार म्हणजे सार, पाच म्हणजे पास आणि सात म्हणजे हात. सांग म्हणजे हांग. सगळ्यांचं काय व्हायचं ते मी इथं लिहीत नाही, समजून घ्या. शाळा शिकलेली मंडळी बाहेर बोलताना साधी मराठी बोलायची, पण घरात, वाडीत आणि भांडणात आपलीच.

मी देशावरची, माण तालुक्यातली. आमच्याकडे पाहुण्याला दूध विचारतात आणि पाणी मोजून देतात. लग्न होऊन मी इकडे निघाले तेव्हा आईनं गावभर सांगितलं की पोरगी परदेशी दिली. समुद्र आहे, म्हणजे परदेशच. आणि भुईगावात मला सगळे म्हणायचे देशावरची. म्हणजे देशावर मी परदेशी गेलेली आणि परदेशात मी देशावरची. नवऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "पासपोर्ट काढून ठेव."

पण खरंच परदेश होता तो. रोज उठून काहीतरी नवल. दोरीवर कुणाच्या चिंध्या वाळत घातल्यात म्हणून मी बघायला गेले तर ते बोंबील निघाले, आणि मला बघून एकही हलला नाही म्हणून ते मेलेलेच आहेत याची माझी खात्री पटली. नाताळ आला तेव्हा प्रत्येक ओटीवर कागदाची चांदणी लागली आणि मी नवऱ्याला विचारलं, इथं दिवाळी दोनदा असते का? एकदा काकांनी मोठ्या कौतुकानं मला केळीच्या सोपटात बांधलेली पुडी दिली. आत तपकिरी, चिकट, सुरकुतलेली केळी. नासली बिचाऱ्यांची, असं म्हणून मी ती गोठ्यात गाईपुढे टाकली. ती सुकेळी होती. आठवडाभर उन्हात वाळवून, राखून ठेवलेली, पाहुण्यांना द्यायची सुकेळी. गाईनं मात्र चटकन ओळखली. तेव्हापासून मला काही दिलं की मी तोंडात घालेपर्यंत काका समोर उभे राहायचे.

आणि खेळ! आमच्या गावात खेळ म्हणजे शाळेतल्या पोरांची गोष्ट. इथं मिशा पिकलेली माणसं अनवाणी फुटबॉल खेळायची. चर्चचे फादर पांढरा झगा कमरेला खोचून गोलात उभे राहायचे आणि गोल झाला की स्वतःच्याच कपाळावर हात मारून घ्यायचे. नाताळानंतर सुरूच्या झाडांपलीकडच्या मैदानावर आसपासच्या गावांचा खेळांचा दिवस असायचा, आणि त्याचा शेवट बायकांच्या रस्सीखेचनं. पुरुषांचे सामने संपून जायचे, कोण जिंकलं ते लोक विसरूनही जायचे. बायकांच्या दोराला मात्र माणूस हलत नसे.

मावशी त्या दोरावर सगळ्यात मागे असायची, दोराचं टोक कमरेला घेऊन. तिचं वजन आणि तिचा हट्ट दोन्ही त्या जागेला शोभायचे. पण एक अडचण होती. शेवटी गाठ पडायची ती शेजारच्या गावाशी, आणि शेजारचं गाव म्हणजे मावशीचं माहेर. त्या संघात अगदी मागे कोण, तर मावशीची भावजय. आणि तिथली रीत अशी की हरणाऱ्यांनी दोर खांद्यावर घालून जिंकणाऱ्यांच्या घरी पोचवायचा. पुढच्या वर्षीपर्यंत तो त्यांच्या ओटीवर राहायचा.

जेव्हापासून बायकांची रस्सीखेच सुरू झाली तेव्हापासून मावशी दरवर्षी माहेरी गेली होती ती दोर घेऊन.

"आपल्या बापाच्या दारात," ती मला म्हणाली, "खांद्यावर दोर. आनि ती वरती उभी. म्हनते, या नणंदबाय, दोर घेऊन आल्या? पानी पिनार?" मग ती म्हणाली, "एकदा गो. एकदा तो दोर माज्या ओटीवर पायजे. मग मेली तरी सालल."

हे ऐकल्यावर नाही कसं म्हणणार? शिवाय संघातली आठवी बाई त्या वर्षी बाळंतीण होती, आणि आठ नसतील तर खेळूच देणार नव्हते. मी पदर खोचला.

सराव वाडीतच. आमच्याकडे आठ बायका आणि समोर काका आणि शेजारचे तीन पुरुष, म्हणजे वजनाचा हिशेब बरोबर. आमच्यात दोन सख्ख्या जावा होत्या, त्यांचं आपसात बोलणं बंद होतं, पण दोरावर एकीमागे एक उभ्या राहायच्या आणि मागची पुढचीला फक्त "टाच!" एवढंच म्हणायची. हेच त्यांचं वर्षाचं संभाषण. मी चौथी. माझ्या गुळगुळीत पाचवारीचा पहिल्याच दिवशी फाटून सोहळा झाला. दुसऱ्या दिवशी मावशीनं स्वतःचं एक तांबडं लुगडं काढलं आणि मला उभी करून, गोल फिरवून, काष्टा घालून दिला. तिनं तो इतका घट्ट आवळला की श्वास घ्यायला परवानगी काढावी लागत होती. नवरा कामावरून आला तेव्हा वाडीत त्यानं मला ओळखलं नाही आणि मलाच विचारलं, "आमची बायको पाहिलीत का?"

पण खरी गंमत पहिल्या दिवशी झाली. काकांनी तीन म्हटलं, दोर ताणला गेला, आणि माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे. आमच्याकडे गाळात रुतलेली बैलगाडी काढताना सगळा गाव ओरडतो तशी मी ओरडले, "ओढा! ओढा!"

आणि माझ्या पुढच्या तीन आणि मागच्या चार बायकांनी एकदम दोर सोडून दिला.

समोरचे चौघे पुरुष पाठीवर पडले, ते थेट केळीच्या पाटात. काका पाण्यात बसून राहिले. डोक्यावर एक बेडूक होता असं नवरा अजून सांगतो, पण तो तेव्हा तिथं नव्हताच. मी एकटीच दोर धरून उभी होते.

"होडला कशाला?" काकांनी पाटातून विचारलं. नोकरीतली मराठी पाण्यात वाहून गेली होती.

"ती होडा म्हनाली!" सातजणी एका आवाजात म्हणाल्या.

सोडा म्हणजे होडा. मी म्हणत होते ओढा, त्यांना ऐकू येत होतं होडा. नेमकं उलटं! शाळेत सगळ्यांनीच 'ओढणे' गिरवलेलं होतं, पण आठजणींचा दोर हाताला कापत असताना शाळेतलं कोण आठवतं? त्यांच्या घरात दोर खेसतात. तिथं माझं 'ओढा' पोचेपर्यंत त्याचं 'होडा' झालेलं असायचं.

मी शपथ घेतली की पुन्हा ओरडणार नाही. पुढच्या खेपेला मी ओरडले. काका पुन्हा पाटात. त्यांनी तिथंच बसून मावशीला सांगितलं की हिला तरी बदल, नाहीतर पाट तरी बदल. पण आठवी मिळणार कुठून? शेवटी मावशीनं तोड काढली. माझं तोंड काही बंद राहणार नाही हे तिनं ओळखलं, तेव्हा बाकीच्यांचे कान पक्के करायचं ठरलं. रोज संध्याकाळी दोर ताणला की मी मुद्दाम गळा काढून "ओढा" ओरडायचं आणि त्यांनी अजिबात सोडायचं नाही. दोन दिवस पुरुष पडत राहिले, मग एक दिवस कुणीच पडलं नाही. त्या दिवशी काकांनी सगळ्यांना सुकेळी वाटली. मला देताना माझ्यासमोर उभे राहिले.

खेळांच्या दिवशी मैदानावर पाय ठेवायला जागा नव्हती. एसटीची बस तिथूनच वळून परत जायची. तिचे ड्रायव्हर-कंडक्टरही बस झाडाखाली लावून टपावर बसले होते. शिट्टी वाजवायला आमच्याच गावचे शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. समोर मावशीचं माहेर, आठ भक्कम बायका, आणि शेवटाला भावजय. अंगानं मावशीएवढीच, कानांत सोन्याच्या जड कुड्या, आणि चेहऱ्यावर 'पाणी पिणार?' असं आधीच लिहिलेलं.

तीन खेचांचा सामना. पहिल्या खेचेत आम्ही अशा गेलो की जाताना वाळूत आमच्या टाचांच्या रेघा उमटल्या, बस्स. मी तोंड उघडायच्या आत संपलं. मावशीनं दोर फक्त कमरेवर पुन्हा नीट घेतला. दुसऱ्या खेचेत आम्ही नुसत्या अडून बसलो. जावांमधली मागची "टाच! टाच! टाच!" म्हणत राहिली. वर्षभराचं बोलणं तिनं एका दमात करून घेतलं, आणि मग समोरची एक घसरली, तिच्या पाठोपाठ दुसरी, आणि आम्ही जिंकलो. एक-एक! मैदान उसळलं. नवरा कुणा अनोळखी माणसाला मिठी मारून नाचत होता.

तिसरी खेच. दोर मधोमध थरथरत राहिला, इकडे ना तिकडे. माझ्या हाताची सालं निघाली होती. मागे मावशी कण्हत होती, तिचा गुडघा वाळूत टेकायला आला होता. तो टेकला तर संपलं, पुन्हा खांद्यावर दोर, पुन्हा बापाच्या दारात. मला ते बघवेना. आणि शपथबिपथ सगळं विसरून मी बेंबीच्या देठापासून ओरडले,

"ओढाऽऽ!"

आमच्या सातजणींनी ओढलं. समोरच्या आठजणींनी सोडलं.

आम्ही उताण्या पडलो, एकमेकींच्या अंगावर, लुगड्यांचा तांबडा ढीग. दोर सळकन आमच्याकडे आला. लोक ओरडले, ताशा वाजला, आणि त्या सगळ्याच्या वर भावजयीचा आवाज चढला, "लबाडी! ती होडा म्हनाली! आमाला वाटलं मास्तर थांबवतात!"

मग जी सभा भरली ती मी जन्मात विसरणार नाही. मास्तरांनी मला पुढे बोलावलं. "काय म्हणालीस?"

"ओढा म्हणाले."

"म्हणजे?"

"म्हणजे खेसा," मी म्हटलं. तेवढ्यात मैदानात हशा पिकला.

मास्तरांना ओढा म्हणजे काय हे माहीत नव्हतं थोडंच! पण मास्तर पडले आमच्या गावचे. पलीकडच्या बायका म्हणाल्या, तुम्ही तुमच्या माणसाचीच री ओढणार, साक्षीदार बाहेरचा आणा. आता देशावरचा साक्षीदार मैदानात कुठून आणायचा? माझा नवरा हात वर करून पुढे आला, त्याला सगळ्यांनी परत पाठवला. तेवढ्यात कुणाला तरी टपावरचा कंडक्टर आठवला. तो सांगलीकडचा. त्याला खाली उतरवलं. तो खांद्यावरची तिकिटांची पेटी सावरत आला, जणू चौकशीला बोलावलंय.

"खरं सांगायचं," मास्तर म्हणाले. "तुमच्याकडे ओढा म्हणजे काय?"

कंडक्टरनं क्षणभर विचार केला आणि छाती पुढे काढून सांगितलं, "ओढा म्हंजे नाला. पावसाळ्यात पाणी असतंय."

मैदान आडवं झालं. मास्तरांच्या तोंडातून शिट्टी पडली. हसून हसून माझ्या पोटात कळ आली आणि काष्टा मावशीनं बांधलेला, त्यामुळे तिथं कळ मावायलाही जागा नव्हती. त्या बिचाऱ्याला काय झालं कळेना. "खोटं नाय हो," तो म्हणत राहिला, "आमच्या गावात हाय की ओढा!"

"आणि दोर ओढा म्हटलं तर?" मास्तरांनी डोळे पुसत विचारलं.

"तर ओढायचा की. त्यात काय?"

निकाल लागला. लबाडी नाही. पण ऐकणाऱ्यांचाही दोष नाही. तिसरी खेच पुन्हा होणार, आणि देशावरचीनं तोंड उघडायचं नाही. मावशीनं तोंड उघडायचा प्रश्नच ठेवला नाही. तिनं माझ्या पदराचा बोळा केला आणि माझ्या तोंडात कोंबला.

आम्ही दोर धरला. समोर भावजयीनं माझ्याकडे पाहिलं. गाल फुगलेले, डोळे बाहेर, तोंडातून लुगड्याचं टोक लोंबतंय. तिचा ओठ हलला. तिनं तो दाबला. मास्तरांनी शिट्टी फुंकली आणि त्याच वेळी टपावरून कुणीतरी ओरडलं, "पावसाळ्यात पाणी असतंय!"

हसू आलं की हातातली ताकद जाते, हे मला त्या दिवशी कळलं. समोरच्या आठही हसत सुटल्या. आमच्यातल्याही सुटल्या, जावासुद्धा, एकमेकींकडे बघून! मला हसता येत नव्हतं कारण तोंडात पदर होता. आणि आणखी एकजण हसत नव्हती. मावशी. इतकी वर्षं जिनं तो दोर खांद्यावरून वाहिला तिला त्यातलं काही हसण्यासारखं दिसत नव्हतं. डोळे मिटून, दात आवळून ती एक एक पाऊल मागे जात होती, आणि तिच्यामागून आम्ही, दोर, आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला हसून हसून रडणारं तिचं माहेर.

शिट्टी झाली तरी ती थांबली नाही. पार सुरूच्या झाडापर्यंत गेली. काकांनी जाऊन तिचे हात दोरावरून सोडवले.

संध्याकाळी भावजय दोर घेऊन आमच्या दारात आली. बरोबर निम्मं माहेर. मावशीनं या दिवसासाठी काय काय वाक्यं राखून ठेवली होती ती मला तोंडपाठ होती. या भावजयबाय, दोर घेऊन आल्या? पानी पिनार? मी ओटीवर बसून वाट बघत होते. मावशी पायऱ्या उतरली, समोर उभी राहिली आणि तिची नजर दोरावर गेली. दोराच्या काथ्यानं भावजयीचा खांदा लाल झाला होता. मावशीनं तो दोर अलगद उचलून स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि म्हणाली, "जड हाय ना गो? मला म्हाईत हाय." मग दोघी तिथंच पायरीवर बसून रडल्या आणि आत तव्यावर तांदळाचं पोळं भाजायला टाकलेलं करपलं.

पुढे तो दोर बऱ्याचदा आला-गेला. मी दरवर्षी चौथी असायचे, तोंडात पदर घेऊन. दोन्ही गावांच्या आग्रहाखातर तो नियमच झाला होता. माझ्या बोलण्यात हळूहळू 'सल' आणि 'हांग' शिरलं. आई एकदा राहायला आली तेव्हा चार दिवस माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि जाताना म्हणाली, "पार बाटलीस."

मग नवऱ्यानं कर्ज काढून नायगावला फ्लॅट घेतला. नव्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर, खिडकीतून खाडी दिसणारा. नायगाव म्हणजे काही लांब नाही. भुईगावातून निघालेली बस तुम्ही डुलकी काढेपर्यंत वसई स्टेशनला पोचते, आणि तिथून पुढचंच स्टेशन. पण आळीतल्या बायका आठवडाभर मला भेटायला येत होत्या, जणू मी बोटीनं आफ्रिकेला निघाले होते. मावशी तेवढी आली नाही. ती वाडीत काहीतरी करत असायची. विचारलं की म्हणायची, केळी हायत, काम हाय.

टेम्पो दुपारी आला. कपाट, गाद्या, पिंपं, शिलाई मशीन, सगळं चढवलं. ड्रायव्हरची दोरी काढली तर ती कुजलेली निघाली. आता बांधायचं कशानं? मावशी आत गेली आणि खुंटीवरचा दोर घेऊन आली. त्या वर्षी तो आमच्याकडे होता.

"याच्यानं बांध," ती म्हणाली. "मग परत आनून द्यायला लागेल."

मी टेम्पोवर चढले. दोर कपाटावरून, गाद्यांवरून घेतला आणि दुसरं टोक खाली टाकलं. मावशीनं ते धरलं. नेहमीसारखंच, कमरेला घेऊन. ड्रायव्हर घाई करत होता. नवरा किल्ली देत होता, काका घेत नव्हते. मी गाठ धरून वाकले आणि म्हटलं, "मावशी, ओढा."

त्या पहिल्या सरावानंतर इतक्या वर्षांत ती या शब्दावर कधी चुकली नव्हती. आळीतली पोरंसुद्धा चुकत नसत. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं, नीट पाहिलं, आणि दोन्ही हात उघडले.

गाद्या गेल्या, त्यांच्या मागून पिंप गेलं, पिंपातले डबे घरंगळत पाटापर्यंत पोचले, आणि शेवटी मी, गाद्यांवर. ड्रायव्हरनं कपाळाला हात लावला.

"मावशी!" मी खालून ओरडले. "ओढा म्हटलं होतं!"

"मला होडा आयकू आलं," ती म्हणाली. पापणीही हलली नाही तिची. "तुजी बोली आमाला कळत नाय."

मी गादीवर पडल्या पडल्या हसायला लागले आणि हसता हसता कधी रडायला लागले ते कळलं नाही. ती येऊन शेजारी बसली, तिनं माझ्या पदराचा बोळा केला आणि माझे डोळे पुसले. काकांनी पाटातला एक डबा उचलला, आत बघितलं आणि छापील मराठीत ड्रायव्हरला सांगितलं, "आज आता होणार नाही. उद्या या."

टेम्पो रिकामाच गेला. आम्ही गाद्या झटकून पुन्हा आत नेल्या. मी हातपाय धुऊन मावशीच्या स्वयंपाकघरात गेले, तिला मदत करावी म्हणून, तर चुलीवर मोठं पातेलं होतं. आमच्या दोघांचा भात तिनं आधीच टाकलेला होता.